ज्येष्ठेजवळची धूळ

उन्हाळ्यातल्या निरभ्र रात्री, बाराच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की वृश्चिक रास ओळखायला वेळ लागत नाही. अनुराधेचे तारे, त्यांच्यामागे तांबूस ज्येष्ठा आणि मग खाली वळत गेलेली नांगी. ज्येष्ठेच्या थोडं वर, भुजंगधारी राशीच्या हद्दीत, ऱ्हो ओफियुची नावाचा एक मंद तारा आहे. गावाबाहेरच्या चांगल्या अंधारात तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो, पण त्याच्या आसपास विशेष काही असेल असं वाटत नाही. उलट, आकाशगंगेच्या इतक्या जवळ असूनही तिथे तारे जरा कमीच आहेत.

याच तुकड्यावर कॅमेरा रोखून, आकाशाच्या गतीबरोबर तो फिरवत काही तास प्रकाश गोळा केला, तर वेगळंच चित्र समोर येतं. ज्येष्ठेभोवती पिवळ्या ढगाचं वलय असतं. ऱ्हो ओफियुचीभोवती निळा ढग पसरलेला असतो. ज्येष्ठेच्या शेजारच्या सिग्मा स्कॉर्पाय या ताऱ्याभोवती लाल प्रभा दिसते. या सगळ्यांच्या मधून काळ्याभोर पट्ट्या निघतात आणि पूर्वेकडे कित्येक अंश पसरत आकाशगंगेला जाऊन मिळतात. आकाशाचे सर्वांत रंगीत तुकडे निवडायचे तर त्यांत हा नक्की असेल.

असा फोटो मिळवायचा तर प्रकाश साठवावा लागतो, त्यातून नको तो भाग वेगळा काढावा लागतो आणि उरलं ते खरंच आकाशातलं आहे याची खात्री करून घ्यावी लागते. गेली सव्वाशे-दीडशे वर्षं चाललेल्या या खटाटोपातूनच एक मोठी गोष्ट कळली: आकाशातला काळोख बऱ्याच ठिकाणी रिकामा नाही. तो पदार्थाने भरलेला आहे, आणि त्याच पदार्थातून पुढचे तारे जन्माला येणार आहेत.

एकच धूळ, अनेक रंग

ताऱ्यांमधल्या जागेत जो पदार्थ आहे त्यात बहुतेक वाटा हायड्रोजन आणि हीलियम या वायूंचा. धूळ वस्तुमानाने जेमतेम 1 टक्का. तिचे कण साधारण मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान असतात. काही सिलिकेटचे, म्हणजे आपल्या खडकांच्याच जातीचे, काही कार्बनचे, आणि अतिथंड ढगांत त्यांच्यावर बर्फाचा पातळ थर साचलेला. म्हाताऱ्या, फुगलेल्या ताऱ्यांच्या बाहेरच्या थरांत आणि ताऱ्यांच्या स्फोटांनंतर उडालेल्या पदार्थात हे कण तयार होतात.

कणांचा आकार दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासचा असल्यामुळे ते निळा प्रकाश जास्त अडवतात आणि विखुरतात, तांबडा कमी. एवढं एक सूत्र हाती धरलं की वरच्या फोटोतले बहुतेक रंग उलगडतात. ऱ्हो ओफियुची हा तप्त, निळसर तारा आहे. त्याचा प्रकाश धुळीवर पडून विखुरतो आणि ढग निळा दिसतो. ज्येष्ठा हा लाल महाराक्षसी तारा. त्याच्याकडे निळा प्रकाश मुळात थोडा, म्हणून त्याच्याभोवतीची धूळ पिवळसर उजळते. अशा ढगांना परावर्तन तेजोमेघ म्हणतात. त्यांचा प्रकाश उसना असतो हे व्हेस्टो स्लायफर यांनी 1912 साली दाखवलं. कृत्तिकांमधल्या एका ताऱ्याभोवतीच्या धूसर ढगाचा वर्णपट त्यांनी घेतला, तर तो हुबेहूब ताऱ्याच्या वर्णपटासारखा निघाला.

सिग्मा स्कॉर्पायभोवतीच्या लाल रंगाचं कारण मात्र धूळ नाही. त्या ताऱ्याचा तीव्र अतिनील प्रकाश हायड्रोजनच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावतो. ते पुन्हा अणूंशी जोडले जाताना 656.3 नॅनोमीटर या ठरलेल्या तरंगलांबीचा तांबडा प्रकाश बाहेर पडतो. मृगातला प्रसिद्ध तेजोमेघही याच जातीचा, उत्सर्जन तेजोमेघ. आणि जिथे धूळ आहे पण जवळ तारा नाही, तिथे ती फक्त मागचे तारे झाकते. त्या जागा काळ्या दिसतात.

ही धूळ अतिशय विरळ असते. घनदाट म्हणवल्या जाणाऱ्या काळ्या ढगातही एका घन सेंटिमीटरमध्ये काही हजार ते काही लाख रेणू असतात. आपण श्वासात घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत रेणूंची संख्या 25 वर 18 शून्यं इतकी भरते. तरीही तो ढग मागचे तारे पुरते झाकतो, कारण त्याची जाडी लाखो कोटी किलोमीटर असते.

भोक की ढग?

वृश्चिकातल्या या काळ्या जागेची पहिली गाजलेली नोंद विल्यम हर्शेल यांची आहे. 1785 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी वृश्चिकाच्या अंगात सुमारे 4 अंश रुंदीचं एक भोक असल्याचं लिहिलं. त्या भोकाच्या पश्चिम कडेला ताऱ्यांचा एक दाट गुच्छ आहे. त्यावरून इथले तारे काळाच्या ओघात त्या गुच्छाकडे ओढले गेले असावेत आणि ही जागा ओस पडली असावी, असा तर्क त्यांनी केला. दुर्बिणीला डोळा लावून जे दिसत होतं त्यावरून हा तर्क अगदी रास्त होता. तारे नाहीत, म्हणजे जागा रिकामी.

पुढची शंभर वर्षं हे असंच मानलं गेलं. ते बदललं फोटोच्या काचेमुळे. 1870 च्या दशकात जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या काचा आल्या आणि लांब एक्स्पोजर शक्य झालं. 30 सप्टेंबर 1880 रोजी न्यूयॉर्कमध्ये हेन्री ड्रेपर यांनी मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला. तीन वर्षांत इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन यांच्या काचेवर असे तारे उमटले जे त्याच दुर्बिणीतून डोळ्याला दिसत नव्हते. डोळ्याला सेकंदाच्या एका लहानशा भागात जे दिसतं तेवढंच दिसतं. तासभर टक लावली म्हणून चित्र उजळत जात नाही. काचेवर मात्र प्रकाश साठत जातो. 1888 साली हार्वर्डच्या वेधशाळेत घेतलेल्या एका काचेवर विल्यमिना फ्लेमिंग यांना मृगाच्या पट्ट्याखाली अर्धवर्तुळाकार खाच दिसली. आज तीच अश्वमुख तेजोमेघ म्हणून जगभर ओळखली जाते. फ्लेमिंग त्याआधी वेधशाळेच्या संचालकांच्या घरी घरकाम करत होत्या.

या काळ्या जागांचा ध्यास घेतला तो एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांनी. 1857 साली अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावात अत्यंत गरीब घरात त्यांचा जन्म झाला. शाळा जेमतेम दोन महिने. नवव्या वर्षी ते एका फोटो स्टुडिओत कामाला लागले. स्टुडिओच्या गच्चीवर फोटो मोठे करण्याचं एक अवजड यंत्र होतं. ते सूर्यप्रकाशावर चाले, म्हणून दिवसभर हाताने सरकवत त्याचं तोंड सूर्याकडे ठेवावं लागे. ते काम या मुलाकडे होतं. पुढे मोठेपणी हाच माणूस रात्र-रात्र दुर्बिणीला डोळा लावून, एक तारा तारांच्या फुलीवर अचूक धरून, कॅमेरा आकाशाबरोबर सरकवत बसला. कडाक्याच्या थंडीत, तासन्‌तास, दृष्टी न हलवता.

बर्नार्ड यांनी आधी कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत आणि 1895 नंतर यर्क्स वेधशाळेत आकाशगंगेचे फोटो घेतले. काळ्या जागा भोकं आहेत की ढग, यावर त्यांचं मत फार सावकाश बदललं. 1913 च्या उन्हाळ्यातल्या एका रात्रीचा अनुभव त्यांनी पुढे लिहून ठेवला आहे. धनू राशीतल्या दाट ताऱ्यांवरून आपल्या वातावरणातले काही छोटे ढग चालले होते, आणि तारकांच्या उजेडावर ते अगदी काळ्या डागांसारखे दिसत होते. फोटोतले डाग याहून वेगळे दिसत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. भोकांच्या कल्पनेत आणखी एक अडचण होती. आकाशगंगा बरीच खोल आहे. तिला आरपार भोक असेल तर ते लांबच लांब बोगद्यासारखं असणार, आणि अशा शेकडो बोगद्यांची तोंडं नेमकी पृथ्वीकडेच वळलेली असणार. हे पटण्यासारखं नव्हतं.

1919 साली बर्नार्ड यांनी 182 काळ्या जागांची यादी प्रसिद्ध केली. अश्वमुखाचा त्यात 33 वा क्रमांक आहे, म्हणून तो आजही बर्नार्ड 33. त्यांचा आकाशगंगेचा फोटोसंग्रह 1927 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, त्यांच्या पत्नीची भाची मेरी कॅल्व्हर्ट आणि एडविन फ्रॉस्ट यांनी पूर्ण केला. छपाईत बारकावे हरवतील म्हणून त्या पुस्तकात खरे फोटो चिकटवले होते: 700 प्रती, प्रत्येकीत 51 फोटो. असे 35,700 फोटो बर्नार्ड यांनी स्वतः एकेक तपासून पास केले होते. 1930 साली रॉबर्ट ट्रम्पलर यांनी तारकागुच्छांच्या अंतरांवरून दाखवून दिलं की धूळ फक्त डागांपुरती नाही. आकाशगंगेच्या सगळ्या चकतीत ती पसरलेली आहे आणि ताऱ्यांचा प्रकाश मंद करते आहे. हर्शेल यांचं भोक हा साधारण 450 प्रकाशवर्षं दूरचा ढग आहे, आणि त्याच्या पोटात आज तारे जन्म घेत आहेत. 2023 च्या जुलैमध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या कामाला एक वर्ष झालं, तेव्हा याच ढगातल्या नवजात ताऱ्यांचा फोटो प्रसिद्ध करण्यात आला.

पोर्ट्रेट लेन्सचं सामर्थ्य

लिक वेधशाळेत तेव्हा जगातली सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण होती, 91 सेंटिमीटर व्यासाची. आकाशगंगेचे ढग मात्र बर्नार्ड यांनी तिच्यातून टिपले नाहीत. त्यांनी वापरली ती 15 सेंटिमीटरची एक जुनी पोर्ट्रेट लेन्स, जी एके काळी स्टुडिओत माणसांचे फोटो काढायला वापरली गेली होती.

तारा हा बिंदू असतो. भिंग जितकं मोठं, तितका त्याचा प्रकाश जास्त गोळा होतो. ढग पसरलेला असतो. त्याचा प्रकाश काचेवर किती जागेत वाटला जातो, हेही तितकंच महत्त्वाचं ठरतं. लिकच्या मोठ्या दुर्बिणीची नाभीय लांबी 17 मीटरांहून जास्त, म्हणजे व्यासाच्या सुमारे 19 पट. प्रतिमा खूप मोठी होई आणि प्रकाश पातळ पसरे. पोर्ट्रेट लेन्सची नाभीय लांबी व्यासाच्या फक्त पाचपट होती. त्यामुळे काचेच्या तेवढ्याच तुकड्यावर ढगाचा प्रकाश साधारण 14 पट जास्त पडे. शिवाय एका काचेवर आकाशाचा कितीतरी मोठा भाग मावे, आणि कित्येक अंश पसरलेल्या ढगाचा आकार कळायला तेच हवं असतं. त्या काळच्या काचांना निळाच प्रकाश जास्त जाणवत असे. धूळही निळाच प्रकाश सर्वांत जास्त अडवते. त्यामुळे काळे ढग त्या काचांवर अधिकच ठसठशीत उमटले.

आजही ज्येष्ठेचा परिसर टिपणारे अनेक हौशी छायाचित्रकार 135 मिलिमीटरची पोर्ट्रेट लेन्सच लावतात. डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, अशी एक लेन्स, भक्कम तिपाई आणि आकाशाच्या गतीने फिरणारा ट्रॅकर, एवढ्यावर सुरुवात होते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश दर सेकंदाला 15 विकला (विकला हा अंशाचा अगदी बारीक भाग) सरकतं. या लेन्सवर एक पिक्सेल साधारण 6 विकलांचा असतो, म्हणजे ट्रॅकर नसेल तर अर्ध्या सेकंदातच तारा शेजारच्या पिक्सेलवर जातो. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. पुण्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर दिसतो, त्यामुळे उत्तरेला झाड किंवा डोंगर नसलेली जागा आधी शोधावी लागते.

अक्षांश इतका खाली असल्याचा दुसऱ्या बाजूने फायदा होतो. यर्क्सहून ऱ्हो ओफियुची क्षितिजावर 24 अंशांपर्यंतच चढतो. म्हणूनच 1905 साली बर्नार्ड आपला ब्रूस नावाचा कॅमेरा घेऊन दक्षिणेला, कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर गेले. तिथे तो 32 अंश चढतो. पुण्याहून तो 48 अंश चढतो. ज्या ढगासाठी बर्नार्ड यांनी अर्धा देश ओलांडला, तो आपल्याकडे आणखी उंच, आणखी कमी हवेतून दिसतो. फक्त फेब्रुवारी अखेरच्या पहाटेपासून मे संपेपर्यंतच्या अंधाऱ्या रात्री साधाव्या लागतात. त्यानंतर पावसाळा.

शंभरातला एक भाग

पूर्ण अंधाऱ्या ठिकाणीही आकाश काळंकुट्ट नसतं. वातावरणाच्या वरच्या थरातले अणू मंद प्रकाशत असतात, आणि ग्रहांच्या कक्षांमधल्या धुळीवरून सूर्यप्रकाश विखुरत असतो. तेज 'प्रती'त मोजतात; प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका उजेड मंद. उत्तम आकाशाची पार्श्वभूमी चौरस विकलेमागे साधारण 22 प्रतीची असते. सर्वांत मंद धूलिमेघ 27 प्रतीच्या आसपास. पाच प्रतींचा फरक म्हणजे 100 पट. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम आकाशाखालीही तो ढग आकाशाच्या स्वतःच्या उजेडाचा फक्त शंभरावा भाग असतो.

आकाशाचा उजेड वजा करून टाकावा, असं वाटेल. तो वजा करता येतो. मात्र प्रकाश कणाकणाने येतो आणि कणांची संख्या दर वेळी थोडी कमी-जास्त होते. समजा, पाच मिनिटांच्या एका एक्स्पोजरमध्ये एका पिक्सेलवर आकाशामुळे 1000 इलेक्ट्रॉन जमले आणि ढगामुळे 10. या 1010 मध्ये स्वाभाविक चढउतार वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे 32 चा असतो. सरासरी उजेड काढून टाकला तरी हा चढउतार मागे राहतो, आणि 32 च्या चढउतारात 10 चा ढग बुडून जातो.

उपाय एकच: पुन्हा पुन्हा एक्स्पोजर घेऊन ती एकावर एक रचायची. यालाच स्टॅकिंग म्हणतात. अशी 100 एक्स्पोजर घेतली की ढगाचे इलेक्ट्रॉन 1000 होतात. चढउतार मात्र 100 पट वाढत नाही. तो 318 वर थांबतो. आता ढग चढउताराच्या तिप्पट वर आला आणि दिसू लागला. जत्रेच्या गलबल्यात दूर कुठेतरी एका लयीत टाळ वाजत असावा, तसं हे आहे. गलबला क्षणाक्षणाला बदलतो, टाळाची लय बदलत नाही. पुरेसा वेळ कान दिला की ती वेगळी ऐकू येते.

100 एक्स्पोजर म्हणजे 8 तास 20 मिनिटं, दोन-तीन रात्रींचं काम. आता हाच हिशेब मोठ्या शहरातून करू. तिथलं आकाश 18 प्रतीचं, म्हणजे सुमारे 40 पट उजळ. त्याच ढगाला त्याच दर्जाने टिपायला 40 पट एक्स्पोजर लागतील, म्हणजे 333 तास. हायड्रोजनच्या लाल प्रकाशाचा ढग असेल तर तेवढीच तरंगलांबी आत सोडणारा नॅरोबँड फिल्टर लावून शहरातूनही चांगलं काम होतं. धुळीवरून परावर्तित झालेल्या प्रकाशात मात्र ताऱ्याचे सगळे रंग असतात. त्याला गाळून वेगळा करणारा कोणताही फिल्टर नाही. धुळीसाठी अंधारच लागतो.

वजाबाकीची शिस्त

सिग्नल जर एक टक्का असेल, तर कॅमेऱ्याचा त्याहून मोठा प्रत्येक दोष ढगाचं सोंग घेऊ शकतो. लेन्सच्या कडांना मध्यापेक्षा पुष्कळच कमी प्रकाश पोचतो. सेन्सरसमोरच्या काचेवर बसलेला धुळीचा कण फोटोत गोल कडं उमटवतो. म्हणून त्याच लेन्सने, त्याच फोकसवर, सारख्या उजळलेल्या पांढऱ्या पृष्ठभागाचे किंवा संधिप्रकाशातल्या आकाशाचे फोटो घेतात. या फ्लॅट फ्रेमने मूळ फोटोला भागलं की हे दोष जातात.

दुसरा शत्रू उष्णता. सेन्सरमध्ये प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सुटत राहतात, आणि तापमान दर 6-7 अंश सेल्सिअसने वाढलं की त्यांचं प्रमाण दुप्पट होतं. मे महिन्यातल्या आपल्या रात्री याबाबतीत कठीण असतात. म्हणून काही जण थंड करता येणारे खास कॅमेरे वापरतात आणि सेन्सर शून्याखाली नेतात. साध्या कॅमेऱ्यासाठी झाकण लावून, तेवढ्याच वेळाचे, तेवढ्याच तापमानाचे डार्क फ्रेम घेतात आणि वजा करतात. दर काही एक्स्पोजरनंतर कॅमेरा मुद्दाम काही पिक्सेल सरकवतात. ढग ताऱ्यांबरोबर सरकतो, सेन्सरचे दोष जागच्या जागी राहतात. त्यामुळे रचताना दोष विखुरले जातात. उपग्रहाची किंवा विमानाची रेघ एखाद्याच एक्स्पोजरमध्ये असते. बाकीच्या सगळ्यांशी न जुळणारी म्हणून तीही गाळली जाते.

यानंतरची पायरी सर्वांत नाजूक. क्षितिजावरच्या एखाद्या गावाच्या उजेडामुळे फोटोच्या एका बाजूला चढत जाणारी झाक येते. ती सॉफ्टवेअरने काढतात. पण मोठा, पसरलेला धूलिमेघही सॉफ्टवेअरला अशाच झाकेसारखा दिसतो. हात थोडा जड पडला की खरा ढग पुसला जातो, आणि चुकीच्या ठिकाणी पडला तर नसलेला ढग तयार होतो. गोंगाट कमी करणाऱ्या आणि रेषा धारदार करणाऱ्या आजच्या साधनांबाबतही हीच काळजी घ्यायला हवी, कारण ती पाहून शिकलेले आकार रिकाम्या जागी भरू शकतात.

फोटोवर विश्वास कसा ठेवायचा?

'हे रंग खरे का?' हा प्रश्न प्रत्येक प्रदर्शनात विचारला जातो आणि तो योग्यच आहे. ज्येष्ठेजवळचे निळे, पिवळे, लाल रंग खऱ्या तरंगलांबींचे आहेत. ते आपल्याला दिसत नाहीत कारण मंद प्रकाशात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. यानात बसून ढगाजवळ गेलो तरी फरक पडणार नाही. जवळ जाताना ढगाचा एकूण प्रकाश वाढतो, पण तो आकाशाचा तितकाच मोठा भागही व्यापत जातो. त्याची उजळी तीच राहते. हबल दुर्बिणीच्या काही गाजलेल्या फोटोंत मात्र गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या प्रकाशाला अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा रंग मुद्दाम दिलेला असतो. त्यामुळे कोणता वायू कुठे आहे ते कळतं. तोही प्रामाणिक फोटो आहे, फक्त ही वाटणी बघणाऱ्याला सांगितली पाहिजे.

ढग खरा आहे का, हे तपासायलाही भक्कम उपाय आहे. अशी धूळ शून्याखाली अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास थंड असते आणि या तापमानाला ती दूरच्या अवरक्त प्रकाशात चमकते. 1983 साली आयरास या उपग्रहाने आणि पुढे प्लँक उपग्रहाने साऱ्या आकाशाचे असे नकाशे तयार केले. ॲलन सँडेज यांनी 1976 साली आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर, उत्तर ध्रुवाकडच्या आकाशातही अतिमंद धूसर धागे दाखवले होते. त्यांना जवळचा कुणी एक तारा उजळत नाही; आकाशगंगेतल्या साऱ्या ताऱ्यांचा एकत्रित प्रकाश त्यांच्यावरून परततो. सप्तर्षींतल्या एम 81 दीर्घिकेच्या आसपास ते आज हौशी छायाचित्रकार नियमित टिपतात. त्यांच्या फोटोतला धागा आणि उपग्रहाच्या नकाशातला धागा जुळला, की तो खरा.

कधी कधी हौशी कॅमेरा सगळ्यांच्या पुढेही जातो. देवयानी दीर्घिका आकाशातल्या सर्वांत जास्त फोटो निघालेल्या वस्तूंपैकी एक. 2022 साली फ्रान्समध्ये यान सेंटी यांनी 106 मिलिमीटरच्या दुर्बिणीतून तिच्यावर शंभराहून अधिक तासांचा प्रकाश जमवला. झाविए स्ट्रॉटनर आणि मार्सेल ड्रेक्सलर यांच्याबरोबर तपासताना दीर्घिकेशेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची, सुमारे दीड अंश लांबीची एक निळसर कमान दिसली. पूर्णचंद्राच्या तिप्पट लांबीची ही वस्तू तोवर कुठेही नोंदलेली नव्हती. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांसह त्यांनी 2023 च्या जानेवारीत तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. मोठ्या वेधशाळांच्या दुर्बिणी आकाशाचा फार छोटा तुकडा पाहतात आणि त्यांच्यावरची एकेक रात्र अनेक जणांत वाटलेली असते. एकाच मोठ्या तुकड्यावर शंभर तास द्यायला बहुधा हौशी माणसालाच सवड मिळते.

कॅमेरे दरवर्षी सुधारत आहेत. बर्नार्ड यांच्या काचांना शंभर प्रकाशकणांतले एक-दोन कळत. आजच्या चांगल्या सेन्सरला 80 आणि त्याहून जास्त कळतात. सामान्य माणसाला परवडेल अशा साधनांनी आज जे टिपता येतं, ते 50 वर्षांपूर्वी मोठमोठ्या वेधशाळांनाही जमलं नसतं. फक्त एक साधन दरवर्षी बिघडत चाललं आहे, आणि ते दुकानात मिळत नाही: अंधारं आकाश. ते परत मिळवता येतं हे महाराष्ट्राने दाखवून दिलं आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 च्या जानेवारीत डार्क स्काय पार्कचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, भारतातला पहिला. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलून त्यांचा उजेड खाली वळवण्यात आला. गावांत अंधार झाला नाही. रस्ता उजळतोच, फक्त उजेड वर जाणं थांबलं.

333 तासांचं काम 8 तासांवर आणणारा फरक कोणत्याही महागड्या दुर्बिणीने साधत नाही. तो दिव्यावरच्या टोपीने साधतो. आपल्या सोसायटीच्या फाटकावर, शाळेच्या मैदानावर, ग्रामपंचायतीच्या खांबावर दिवा लावताना त्याचं तोंड खाली ठेवा, गरजेपुरताच उजेड ठेवा आणि पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा निवडा, असा आग्रह धरणारा माणूस खगोलशास्त्राचंच काम करत असतो. ज्येष्ठेजवळची धूळ दर उन्हाळ्यात आपल्या डोक्यावर इतकी उंच येते की बर्नार्ड यांना आपला हेवा वाटला असता. ती टिपण्याची संधी पुढच्या मुलांना मिळेल की नाही, हे आपण आपले दिवे कसे लावतो त्यावर ठरणार आहे.